शैलाबेनची फटाणी

‘अजून गाता, की आता काही चांगलं करता?’

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका बाईंनी मला हे विचारलं. हेतू वाईट नव्हता. पुण्यात हेतू सहसा वाईट नसतोच, वाक्य तेवढं तसं असतं. आदल्या वर्षी त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई परदेशात गायिका आहेत. तेव्हा मोठ्या कौतुकानं त्यांनी चौकशी केली होती, ‘कोणतं घराणं?’ मी म्हटलं, ‘गरबा.’ उरलेले मजले त्या लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

मी इंग्लंडात, लेस्टरला राहते. हिंदी आणि गुजराती गाणी गाते. नवरात्रात गाते, लग्नात गाते, जुन्या हिंदी गाण्यांच्या संध्याकाळी गाते आणि कुणी गेलं की प्रार्थनासभेत भजनंही म्हणते. थंडीचे महिने पुण्यात काढते, कारण तिकडच्या थंडीत गळा आणि गुडघे दोघंही संपावर जातात. या अंकाच्या संपादकांनी मला ‘कारकिर्दीचा आलेख’ लिहायला सांगितला होता. पण आलेख काढावा अशी कुठलीच रेघ माझ्या आयुष्यात फारशी वर गेलेली नाही. माझी ध्वनिफीत निघाली नाही, पाठीवर कुणा बुजुर्गाची थाप पडली नाही. मात्र लेस्टरमध्ये अशी पुष्कळ घरं आहेत, जिथल्या आईचं लग्न मी गायले आणि मग मुलीचंही. आमच्या धंद्यात याहून मोठं बक्षीस नसतं, आणि आपलं वय झालं हे इतक्या स्पष्टपणे सांगणारंही दुसरं काही नसतं.

मी मूळची मार्केट यार्डाजवळची. वडील भुसार बाजारात एका गुजराती मसाले व्यापाऱ्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. त्या व्यापाऱ्याच्या पत्नी जयाबेन, म्हणजे सगळ्यांच्या जयाबा. शाळा सुटली की मी गाळ्यावर जायची आणि तिथून त्यांच्या घरी. मिरच्या निवडता निवडता जयाबा गायच्या आणि मी त्यांच्यामागे म्हणायची. लोक गळा तयार करायला मध चाटतात, ज्येष्ठमध चघळतात. माझा गळा मिरचीच्या खकाण्यावर तयार झाला. त्याच सुमाराला आईनं मला शास्त्रीय गाण्याच्या क्लासलाही घातलं होतं. तिथल्या बाईंनी एकदा मला जयाबांच्या अंगणात गरबा गाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये म्हणाल्या, ‘आवाज बरा आहे हो तुझा. जपून ठेव, पुढेमागे कधी गाणं शिकलीस तर उपयोगी पडेल.’

मग लग्न झालं. नवरा लेस्टरला मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. आमच्या गल्लीत डावीकडे गुजराती, उजवीकडे गुजराती, समोर एक इंग्रज म्हातारा आणि त्याच्या शेजारी परत गुजराती. यांतले बरेचसे पूर्व आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या आज्यांनी काठियावाड सोडून पिढ्या झाल्या होत्या, तरी नवरात्र आलं की बर्फ पडायच्या बेतात असताना बायका चनियाचोळीवर स्वेटर घालून बाहेर पडायच्या. मी त्यांच्यात जाऊन गायला लागले. फोनवर आडनाव सांगितलं की नवीन गिऱ्हाईक दचकायचं, ‘कुलकर्णी? अने गरबा?’ म्हणून आडनाव मी कपाटात ठेवून दिलं. तिकडे मी नुसती शैलाबेन.

गरबा गाणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या लोकांना सांगायला हवं. तुमच्या मैफिलीत श्रोते बसतात आणि गवई त्यांच्याकडे बघून गातो. गरब्यात कुणी तुमच्याकडे बघतच नाही. सगळे गोल फिरत असतात. त्यामुळे गाणाऱ्यानं चेहरे बघायचे नसतात, पाय बघायचे. पाय जड झाले की लय धरून ठेवायची, पाय उड्या मारायला लागले की सोडायची, आणि काही झालं तरी मध्ये थांबायचं नाही. थांबलं की वर्तुळ मोडतं, आणि मोडलेलं वर्तुळ पुन्हा जुळवणं म्हणजे रुसलेल्या जावांना एका स्वयंपाकघरात आणणं. आमचा गरबा व्हायचा खेळाच्या हॉलमध्ये, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा. मधोमध देवीचा घट, पण आत ज्योत लावायला हॉलवाल्यांची परवानगी नाही, आगीचा भोंगा वाजतो म्हणून. मग घटात बॅटरीवरचा दिवा. देवीनं कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

एकदा एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, ‘बेन, बाने गरबे रमवुं छे.’ बाला, म्हणजे त्यांच्या आईला, गरबा खेळायचा आहे. मी म्हटलं, खेळू द्या की. तर म्हणाले, बाचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेत. त्यांना वाटत होतं मी सगळा गरबा सावकाश घ्यावा. तसा घेतला असता तर तरुण पोरांनी मला उचलून बाहेर नेऊन ठेवलं असतं. शेवटी ढोलवाल्याशी बोलून मी एक युक्ती केली. शब्द संथ घेतले, ढोल तेवढा दुपटीत ठेवला. आतल्या रिंगणात बा आणि त्यांच्या मैत्रिणी शब्दांवर चालत होत्या, बाहेरच्या रिंगणात पोरं ढोलावर घुमत होती. दोघांनाही वाटलं गाणं आपलंच आहे. नंतर कितीतरी नवरात्रांत मी हेच केलं, आणि आमच्या गावात त्याला ‘गुडघा गरबा’ म्हणतात. नाव फारसं शोभेचं नाही, पण शोध माझा आहे.

लग्नाचं गाणं मात्र वेगळं. तिथे माझी खरी कमाई म्हणजे फटाणी. फटाणं म्हणजे लग्नात एका बाजूच्या बायकांनी दुसऱ्या बाजूची नावं घेऊन उडवलेली गाण्यातली टर. नवऱ्याचा बाप कसा हावरट, काकू कशी उसना शालू नेसून आली, मामानं आणलेला आहेर कसा फडतूस. मामाला तर सोडतच नाहीत, कारण गुजरात्यांत मामाचा आहेर म्हणजे लग्नातलं मोठं प्रकरण. नावं खरी लागतात, नाहीतर मजा नाही. पूर्वी हे घरच्या बायकाच गायच्या. तिकडे परदेशात एकेक करून आज्या वारल्या, त्यांच्याबरोबर गाणी गेली, आणि मग मला बोलावणं यायला लागलं. एका लग्नात तर दोन्ही बाजूंनी वेगवेगळी बाई परवडेना म्हणून दोघांनी मिळून मलाच ठरवलं. मी डाव्या बाजूला उभी राहून नवऱ्याकडच्यांची टर उडवली, मग चालत उजव्या बाजूला गेले आणि नवरीकडच्यांची. दोन्हीकडच्यांनी मला विचारलं, ‘शैलाबेन, तुम्ही नक्की कुणाच्या?’

याचा मला अभिमान आहे आणि थोडी खंतही. जे आईनं, मावशीनं, शेजारणीनं गायचं, ते आता ठरवून आणलेली बाई माइकवर गाते. घरच्या बाईला माहीत असतं कुणाला कुठे दुखतं. बाहेरच्या बाईला ते विचारून घ्यावं लागतं. जयाबा सांगायच्या, ‘जिथे हाड मोडलंय तिथे गुदगुल्या करायच्या नाहीत.’ म्हणून प्रत्येक लग्नाआधी मी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला गाठून विचारते, यंदा घरात कोण गेलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं नाव घेऊ नको. एवढं विचारलं की मग बिनधास्त गाते.

गेल्या मार्गशीर्षात मात्र मी नेमकं चुकीच्या माणसाला विचारलं.

जयाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची सून दक्षाबेन माझ्याच वयाची. माहेर भावनगरचं, पण पुण्यात येऊन मराठी माझ्याहून शुद्ध आणि जीभ माझ्याहून तिखट. तिच्या मुलीचं, हेतलचं, लग्न ठरलं. मुलगा तिच्याच आयटी कंपनीतला, अक्षय. घर कात्रजच्या पुढे, पूर्वीचं खेडं, आता महापालिकेत आलेलं. वडील शेतकरी होते, आता शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि वडील सोसायटीच्या पार्किंगमध्ये म्हैस बांधायची परवानगी मागतात. दक्षाबेन मला म्हणाली, ‘शैला, आजवर साऱ्या जगाच्या पोरींची लग्नं गायलीस. आता आमची गा. सासूबाई असत्या तर त्यांनीच गायली असती.’ नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात अक्षय मला भेटायला आला. मोठा गोड मुलगा. म्हणाला, ‘मावशी, आमच्याकडच्यांना गुजराती झेपणार नाही. तुम्ही मराठीतच करा ना. फुल रोस्ट करा सगळ्यांना, धमाल येईल.’ मला कल्पना एकदम पसंत पडली. आयुष्यभर गुजरातीत टर उडवली, आपल्या भाषेत कधी संधीच मिळाली नव्हती. मी नेहमीचे प्रश्न काढले. त्याची आई कमलताई पत्रिका वाटत गावोगाव हिंडत होती, म्हणून त्यालाच विचारले. तो म्हणाला, ‘आमच्यात तसं काही नाही, मावशी. सगळे चिल आहेत. आणि बबनमामाचं नाव नक्की घ्या हं. मामा येतोय!’ हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला की मी म्हटलं, हा लाडका मामा दिसतोय. माझ्या मनात मामावरचं कडवं तिथेच तयार झालं.

आता इथे जे मला माहीत नव्हतं ते सांगते. हे मला नंतर कळलं. बबनराव म्हणजे कमलताईंचे थोरले भाऊ, फुरसुंगीकडचे. वडील गेल्यावर जमिनीच्या कागदावर बहिणीची सही हवी होती. बहिणीनं सही केली. पुढे त्या बाजूच्या जमिनीचं सोनं झालं, आणि कुणीतरी कुणालातरी काहीतरी बोललं. भाऊ म्हणाला बहिणीनं मन वाईट केलं, बहीण म्हणाली भावानं तोंड फिरवलं. तेव्हापासून ना राखी, ना भाऊबीज. अक्षय आठवीत असताना त्यानं मामाला शेवटचं पाहिलं होतं. या लग्नासाठी कमलताई स्वतः पत्रिका घेऊन भावाच्या दारात गेल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पोराच्या मागं उभं राहायला मामा पायजे, दादा.’ आपल्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवऱ्यामुलामागे त्याचा मामा उभा राहतो. भावानं फक्त ‘बघू’ म्हटलं होतं. अक्षयच्या पिढीचा हिशेब सरळ, मामा येतोय म्हणजे भांडण संपलं. आमच्या पिढीत लोक लग्नाला येतात आणि भांडण बरोबर घेऊन येतात.

लग्न कात्रजजवळच्या एका लॉनवर होतं. सकाळी वरात दारात आली. गुजराती रीतीप्रमाणे दक्षाबेन जावयाचं नाक धरायला पुढे झाली, अक्षयनं नाक वाचवलं, हशा पिकला. माझ्या मागे हेतलच्या मावश्या-काकू गोळा झाल्या, ‘खास इंग्लंडहून आलेल्या शैलाबेन’ अशी माझी ओळख करून दिली गेली आणि मी माइक हातात घेतला. मुलाच्या वडिलांवरचं म्हशीचं कडवं म्हटलं, तर वडीलच आधी हसले. काकूंवरचं म्हटलं, काकूंनी पदर तोंडाला लावला. धमाल चालू होती. मग मी मामांकडे वळले.

‘बबनमामा आले बाई, आले कसे झोकात,
ताट आणलं झाकून, काय बाई ताटात?
वर रुमाल रेशमी, खाली नुसता वारा,
म्हणतो कसा बहिणीला, हाच आहेर सारा!’

माझ्यामागच्या बायकांनी शेवटची ओळ उचलून धरली. मुलाकडच्या बाजूला मात्र कुणीतरी नळ बंद करावा तसं हसू बंद झालं. मी सवयीनं पायांकडे पाहिलं. गर्दीच्या मागे पांढऱ्या धोतरातले दोन पाय वळले आणि फाटकाकडे चालायला लागले. ढोलवाल्याला मी हातानं थांबवलं. तेवढ्यात कमलताई माझ्याजवळ आल्या. चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर परवडलं असतं.

‘बाई,’ त्या म्हणाल्या, ‘तुमास्नी कुणी सांगितलं हो? दहा वर्सांनी आल्ता माजा दादा.’

त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी म्हटलं, ‘तुम्ही चला माझ्याबरोबर.’ त्या म्हणाल्या, ‘म्या गेले तर म्हनंल, आधी गानं म्हनवलं आन् आता रडायला आली. म्या न्हाई येत.’ गुरुजींनी सनईवाल्याला खूण केली होती. मुहूर्ताला फार वेळ नव्हता. मी माइक दक्षाबेनच्या हातात कोंबला आणि साडीच्या निऱ्या धरून फाटकाकडे पळाले. वर्तुळ सोडून मध्येच पळण्याची ही माझी पहिलीच वेळ.

बबनराव पार्किंगमध्ये त्यांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीशी उभे होते. हातात किल्ली, फेटा अजून डोक्यावर. उंच, काळासावळा, रापलेला माणूस. मी धापा टाकत म्हटलं, ‘दादा, एक मिनिट थांबा. गाणं माझं होतं. तुमच्या बहिणीला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.’

‘असं व्हय,’ ते म्हणाले. ‘मग माज्या ताटात वारा हाय ह्ये तुमाला इंग्लंडात बसून कळलं?’

‘मी प्रत्येक मामाला हेच गाते. रीत आहे यांच्यात.’

‘बाई, म्या शेतकरी हाय, येडा न्हाई. नाव घिऊन चार लोकांत माजं काढलं. बहिनीला बोलायचं हुतं तर तोंडावर बोलायचं. गानारी कशाला आनायची?’

माणूस दुखावलेला असला की खरं कारणही सबबीसारखं वाटतं. तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून रसिकभाई येताना दिसले. हे हेतलचे सख्खे मामा, भावनगरचे. देह असा, की आधी पोट दिसतं आणि मग ओळख पटते. पान थुंकायला बाहेर आले होते. मी त्यांना हाक मारली आणि बबनरावांना म्हटलं, ‘हे मुलीचे मामा. आता बघा.’ आणि माइक नाही, ढोल नाही, भर उन्हात त्या पार्किंगमध्ये मी टाळी वाजवून गायला लागले.

‘रसिकमामा निघाले भावनगरहून,
पोट पोचलं कालच, मामा आले मागून!
साडी आणली जाळीची, म्हणतात रेशीम आहे,
भाचीनं ती धरली तर पलीकडचं गाव पाहे!’

वॉचमन हसायला लागला. रसिकभाईंना मराठी अर्धवट कळत होतं. त्यांनी मला हिंदीत अर्थ विचारला, मी सांगितला. पोटाचं ऐकून ते खूश झाले. साडीचं ऐकून इतके खूश झाले की दोन्ही हात वर करून जागच्या जागी फिरले. ‘और जलेबीवाला?’ ते म्हणाले. ‘मैं कितनी जलेबी खाता हूँ, वो बोलो ना, बेन!’

बबनराव त्यांच्याकडे बघतच राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, ‘तुमको गुस्सा न्हाई आता?’

‘गुस्सा?’ रसिकभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. ‘अरे भाई, नाम लिया, इसमें गुस्सा कैसा? नहीं लेते तो आता. मेरी छोटी बहन की शादी में ये औरतें मेरा नाम भूल गईं. सबके नाम लिए, मेरा नहीं. मैंने खाना नहीं खाया. माँ से बोला, मैं इस घर का हूँ कि नहीं?’

आतून दक्षाबेनचा बेसूर आवाज स्पीकरवर येत होता. तिनं माइक सोडला नव्हता, आणि आज मी तिला त्याबद्दल माफ केलं आहे. बबनराव किल्ली बोटाभोवती फिरवत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘माजं नाव दिलं कुणी तुमाला?’

‘अक्षयनं. मी विचारलं, कुणाचं नाव घेऊ नको? त्यानं सांगितलं, बबनमामाचं नक्की घ्या. मामा येतोय, म्हणाला. ते सांगताना त्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही.’

त्यांनी फेटा काढला, घाम पुसला, परत घातला. मग हलक्या आवाजात म्हणाले, ‘खरं सांगू का बाई? वारा म्हनलात तवा लई लागलं. कारन म्या खरंच रिकाम्या हातानं आत गेल्तो. लुगडं आनलंय कमळीला. डिकीत हाय. आत न्यायचं धाडस झालं न्हाई. चार लोकांत तिनं माघारी दिलं असतं तर म्या काय करायचं हुतं?’

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल माया वाटली. एवढा उंच माणूस, अख्ख्या गावाला दबकावून असणारा, आणि बहीण लुगडं परत करील या भीतीनं ते डिकीत लपवून ठेवतो. मी तोंड उघडणार, तोच रसिकभाईंनी माझा हात दाबला. फाटकाशी कमलताई उभ्या होत्या. येणार नाही म्हणाल्या होत्या, तरी आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या आणि काय काय ऐकलं होतं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

‘दादा,’ त्या लांबूनच म्हणाल्या. ‘चाललास व्हय?’

बबनरावांनी बहिणीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

‘न्हाई ग,’ ते म्हणाले. ‘गाडी उन्हात हाय. सावलीत लावतो म्हनलं.’

आणि त्यांनी खरोखर गाडी चालू केली. पलीकडे एक चिंच होती, तिच्याखाली मागेपुढे करत, अगदी शिस्तीत गाडी लावली. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. सबंध पुण्यात त्या दिवशी इतक्या काळजीनं कुणी गाडी लावली नसेल. आतून गुरुजींचा आवाज आला, ‘मुलाचे मामा, मुलाच्या मामांनी कृपया बोहल्यावर यावं.’ कमलताई हलल्या नाहीत. भाऊ उतरला, मागे गेला, डिकी उघडली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांत घेऊन तसाच उभा राहिला. पुढे येईना.

मग बहीणच गेली. कागद तिनं तिथेच फाडला. हिरवं, मोठ्या काठाचं, त्या वयाच्या बाईला शोभेल असं लुगडं होतं. नेसायला वेळ नव्हता. तिनं ते घडीसकट अंगावरच्या पैठणीवरून खांद्यावर टाकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘चल की आता, पोरगं वाट बघतंय.’

चालता चालता बबनराव माझ्यापाशी थांबले. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘मंगलाष्टका झाल्या की म्हना परत. पन आता ताट भरलंय म्हना.’

‘ते नाही जमायचं,’ मी म्हटलं. ‘फटाण्यात खरं बोलायची रीत नाही.’

मंगलाष्टका झाल्या. अक्षयच्या मागे मामा ताठ उभा होता आणि अक्षता पडत असताना भाचा समोरच्या नवरीकडे कमी आणि मागे वळून मामाकडे जास्त बघत होता. मग मी दक्षाबेनकडून माइक अक्षरशः हिसकावून घेतला आणि तेच कडवं शब्द न बदलता म्हटलं. ‘खाली नुसता वारा’ ही ओळ आली, आणि सगळ्या मांडवात सगळ्यांत मोठ्यानं हसली ती खांद्यावर हिरवं लुगडं घेतलेली कमलताई.